कुत्रा, मांजर आणि ‘शाश्वत’ वैर



कामगार संघटनेच्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत मजुरीवर बोलावे, बोनसवर बोलावे, फार तर गिरण्यांच्या इतिहासावर बोलावे, अशी एक रीत पडून गेली आहे. आम्ही कुत्र्या-मांजरांवर बोलणार हे कळल्यावर काही मित्र हसले. परंतु हा विषय आम्ही करमणुकीसाठी निवडलेला नाही. ‘अहो, त्यांचे वैर म्हणजे कुत्र्या-मांजराचे वैर, ते मिटायचे नाही,’ हे वाक्य आम्ही गेली तीस वर्षे ऐकत आलो आहोत. फाटकावर ऐकले, कचेरीत ऐकले, दोन मोहल्ल्यांच्या भांडणात ऐकले, आणि प्रत्येक वेळी ते माणसांविषयी बोलले गेले. तेव्हा मनात आले की, जे वाक्य माणसांना इतक्या सहज चिकटवले जाते, ते मुळात त्या बिचाऱ्या जनावरांना तरी लागू पडते काय, हे एकदा तपासून पाहावे. आमचे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही. जे झाले ते वाचनालयाच्या बाकावर. म्हणून पंडितांच्या शब्दांत न सांगता आम्हांला जसे उमगले तसे सांगतो.

या वैराचा आपल्या उपखंडातला एक फार जुना पुरावा मातीवर उमटलेला आहे. सिंधमध्ये चन्हुदडो नावाचे एक प्राचीन स्थळ आहे. 1935-36 च्या हंगामात अर्नेस्ट मॅके या पुरातत्त्वज्ञाने तेथे उत्खनन केले. सिंध त्या हंगामात मुंबई इलाख्यातच मोडत असे. 1 एप्रिल 1936 रोजी तो वेगळा प्रांत झाला. मोहेंजोदडो आणि हडप्पा यांच्याच संस्कृतीतले, साडेचार हजार वर्षांच्या आसपासचे हे कारागिरांचे गाव. तेथे एक वीट सापडली. ती ओली असताना, वाळत घातलेली असताना तिच्यावरून एक मांजर गेले आणि मागून एक कुत्रा गेला. मांजराच्या पावलाच्या ठशावर कुत्र्याच्या पावलाचा ठसा थोडासा चढलेला आहे, म्हणून मांजर पुढे आणि कुत्रा मागे हे ठरते. पंजे खोल रुतलेले आणि फाकलेले आहेत, म्हणून दोघेही पळत होते असे अनुमान निघते. ते मांजर पाळीव होते की शेजारच्या झुडपांतले रानमांजर होते, हे विटेवरून सांगता येत नाही. पण पाठलाग मात्र स्पष्ट आहे.

आपल्या वैनगंगेच्या काठी विटा पाडणारी माणसे आपण पाहतो. रांगेने मांडलेल्या ओल्या विटांवरून एखादे जनावर गेले तर थापणारा काय बोलतो, हेही आपण ऐकलेले आहे. सिंधू संस्कृतीतल्या त्या वीट थापणाऱ्यानेही तसेच काही म्हटले असेल. त्याचे नाव राहिले नाही, ठसे राहिले.

तर पाठलाग जुना आहे, हे कबूल. आता प्रश्न असा, की तो वैरामुळे होतो काय? आणि ते वैर शाश्वत आहे काय?

‘शाश्वत वैर’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. आपल्याकडे या कल्पनेला थेट व्याकरणात जागा मिळालेली आहे. पाणिनीने द्वंद्व समासाविषयी नियम सांगताना असे म्हटले आहे की, ज्यांचा विरोध कायमचा असतो अशांच्या नावांचा समास एकवचनी होतो. पुढच्या वैयाकरणांनी त्याची उदाहरणे दिली, ती अहिनकुल, मार्जारमूषक, काकोलूक अशी: साप आणि मुंगूस, मांजर आणि उंदीर, कावळा आणि घुबड. गंमत पाहा, जे एकमेकांचे तोंड पाहत नाहीत त्यांनाच व्याकरणाने एका वचनात बांधून टाकले! येथपर्यंत गोष्ट जनावरांची आहे. परंतु इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या पतंजलीने आपल्या महाभाष्यात याच नियमाचे उदाहरण म्हणून ‘श्रमणब्राह्मण’ हा शब्द दिला. म्हणजे बौद्ध, जैन आदी पंथांचे श्रमण आणि वैदिक ब्राह्मण यांची जोडी साप आणि मुंगूस यांच्या पंगतीला जाऊन बसली. माणसामाणसांतल्या मतभेदाला जनावरांच्या स्वभावाचे नाव दिले गेल्याचा आपल्याकडचा हा एक फार जुना दाखला आहे.

प्रत्यक्षात काय होते? त्यासाठी फार दूर जायला नको, आपल्याच जिल्ह्यातल्या पवनीला जावे. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी 1969-70 मध्ये तेथे उत्खनन केले आणि वैनगंगेकाठचा मोठा बौद्ध स्तूप उजेडात आला. त्याच्या कठड्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी अक्षरांत कोरलेली आहेत. त्याच पवनीत वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपटही मिळाला आहे, आणि पुढच्या काळात तेच गाव देवळांचे गाव झाले. वाद झाले नसतील असे आम्ही म्हणत नाही. वाद जरूर झाले असतील. पण एकाच गावाने आपल्या पोटात दोघांनाही जागा दिली, हे दगड सांगतात. व्याकरणाच्या एकवचनापेक्षा गावाचे पोट मोठे असते.

आता कुत्र्या-मांजरांकडे वळू. हे दोघे मुळात दूरचे भाऊबंद आहेत. मांसाहारी सस्तन प्राण्यांचा जो एक मोठा वंश आहे, त्याच्या दोन शाखा चार कोटींहून अधिक वर्षांपूर्वी फुटल्या. एका शाखेत कुत्रे, लांडगे, अस्वले आली. दुसरीत मांजर, वाघ, तरस आणि मुंगूस आले. तरस दिसायला कुत्र्यासारखे, पण नात्याने मांजराच्या बाजूचे. एकाच धंद्यातली ही दोन घराणी. त्यांच्या कामाच्या पद्धती मात्र वेगळ्या. कुत्र्याच्या घराण्यातले बरेच जण टोळीने आणि दमाने शिकार करतात, सावज थकेपर्यंत धावतात. मांजराचे घराणे बहुतेक एकट्याने, दबा धरून, एका झेपेत काम उरकते.

माणसाकडे हे दोघे वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या कामासाठी आले. कुत्रा आधी आला. तो करड्या लांडग्याचा वंशज. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल येथे 1914 साली दगडाच्या खाणीत काम करणाऱ्या मजुरांना एक स्त्री आणि एक पुरुष यांचे सांगाडे सापडले. त्यांच्यासोबत एक कुत्र्याचे पिल्लूही पुरलेले होते. ही दफनभूमी सुमारे 14,000 वर्षांपूर्वीची आहे. त्या पिल्लाच्या दातांवर मोठ्या आजाराच्या खुणा आहेत, आणि माणसांनी शुश्रूषा केली नसती तर ते इतके दिवस जगले नसते, असे अभ्यासकांचे मत आहे. शेती अजून सुरू व्हायची होती. म्हणजे माणूस शिकारी असतानाच कुत्रा त्याच्या टोळीत सामील झाला. आपल्याकडे काश्मीरमधील बुर्झहोम येथे माणसांबरोबर कुत्रे पुरलेले सापडले, आणि पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीतही कुत्र्याची हाडे मिळाली.

मांजर आले ते धान्याच्या मागे. पश्चिम आशियात सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी माणूस धान्य साठवू लागला. साठा आला तसे उंदीर आले, आणि उंदरांमागे रानमांजर आले. सायप्रस बेटावर सुमारे 9,500 वर्षांपूर्वी पुरलेल्या एका माणसाशेजारी एक मांजर पुरलेले सापडले; हा शोध 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या बेटावर मूळची मांजरे नव्हती, तेव्हा ते किंवा त्याचे पूर्वज होडीतूनच तेथे गेले असले पाहिजेत. आज जगभर पाळली जाणारी मांजरे उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशिया यांतल्या रानमांजराची वंशज आहेत, हे जनुकांच्या तपासणीवरून दिसून आले आहे. हे आपल्या तुमसरच्या लोकांना समजावून सांगण्याची गरज नाही. आपले गाव धानाचे. ज्याच्या कोठारात धानाची पोती आहेत, त्याला मांजराची किंमत ठाऊक आहे.

थोडक्यात, शिकारीच्या आणि राखणीच्या कामावर एक भरती झाला, कोठाराच्या कामावर दुसरा. कामे वेगळी, भरतीची साले वेगळी, अंगण मात्र एकच. आपल्या लोकांनी दोघांनाही देवादिकांच्या जवळ बसवले. दत्तात्रेयांच्या पायाशी चार कुत्रे आहेत, खंडोबाबरोबर कुत्रा आहे, आणि षष्ठी देवीचे वाहन मांजर आहे. दोघांचे देव वेगळे असले तरी एकाच घरात दोन्ही देवांना नैवेद्य मिळतो.

मग पाठलाग का? येथे आपल्याला कुत्र्याच्या अंगात शिरून पाहावे लागेल. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणारे सांगतात की, लांडग्याची शिकार ही एकच कृती नसून कृतींची साखळी असते. आधी हालचालीकडे कान आणि डोळे वळतात. मग नजर रोखली जाते. मग दबकत पुढे सरकणे, मग धाव, मग पकड, मग प्राण घेणे, मग फाडणे आणि शेवटी खाणे. कुत्र्यात ही साखळी उतरली, पण अखंड उतरली नाही. माणसाने हजारो वर्षे निवड करून तिच्या कड्या सैल केल्या, काही घट्ट केल्या. मेंढ्या वळवणाऱ्या काही विलायती जातींत नजर रोखणे, दबकणे आणि धावणे राहिले. चावणे दाबले गेले. मेंढ्यांची राखण करणाऱ्या कुत्र्याने मेंढीमागे धावूच नये, अशी निवड झाली. उलट आपल्याकडच्या कारवानी कुत्र्यात सशामागची धाव मुद्दाम जोपासली गेली. गल्लीतल्या कुत्र्यात ही साखळी अर्धीमुर्धी उरलेली असते, आणि तिची सर्वांत पक्की कडी म्हणजे धाव.

ही धाव सुटते कशाने? पळणाऱ्या वस्तूने. लहान, झटकन हलणारी, दूर जाणारी वस्तू दिसली की कडी निसटते. मांजर हे लहान आहे, चपळ आहे आणि संकट दिसताच पळणारे आहे. कुत्र्याला जे निमित्त हवे ते सगळे मांजरात एकत्र आलेले आहे. ज्यांना हे अजून पटत नसेल त्यांनी रात्रपाळीहून सायकलने घरी येणाऱ्या माणसाला विचारावे. कोपऱ्यावर झोपलेले कुत्रे सायकल जवळ येताच उठते आणि पोटरीमागे धावते. कुत्र्याच्या आणि सायकलीच्या आजोबांचे कोणते भांडण झाले होते? सायकलवरून उतरून माणूस सरळ उभा राहिला की बहुधा तेच कुत्रे बावरते, दोन पावले मागे जाते आणि नुसते भुंकत राहते. मांजराचेही तसेच. मांजराने पाठीची कमान करून, केस फुलवून जागा धरली तर पुष्कळदा कुत्रा थबकतो. धावण्याची कडी सुटायला समोरून पळणारे कोणी तरी लागते. ते पळेनासे झाले की पुढे काय करावे हे त्याला सुचत नाही.

वैर जातीचे असते तर मांजराच्या घराण्यातल्या सगळ्यांमागे कुत्रा धावला असता. तसे होत नाही. आपल्या शेजारच्या नागझिऱ्याच्या जंगलात रानकुत्रे आहेत आणि बिबटेही आहेत. रानकुत्र्यांच्या टोळीने बिबट्याला झाडावर चढायला लावल्याचे भारतातल्या जंगलांतून नमूद झाले आहे. पण एकटा गावकुत्रा आणि बिबट्या समोरासमोर आले तर काय होते? अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी करून 2014 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथील बिबट्यांच्या आहारात, वजनाच्या हिशेबाने, सर्वांत मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला. सुमारे 39 टक्के. म्हणजे मांजर मोठे झाले की पाठलागाची दिशा उलटते. यात जातीचे वैर शोधून सापडणार नाही. कोण मोठा, कोण संख्येने जास्त आणि कोण पळतो, एवढाच हिशेब आहे.

आता कोणी म्हणेल, नाव काहीही द्या, पण गोष्ट जन्माची आहे ना? कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच. या म्हणीचा एका चिनी शास्त्रज्ञाने फार चांगला निकाल लावला. त्यांचे नाव झिंग-यांग कुओ. 1930 साली त्यांनी मांजर आणि उंदीर यांच्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. आपल्या व्याकरणातली ‘मार्जारमूषक’ हीच जोडी! मांजराची काही पिल्ले त्यांनी अगदी एकटी वाढवली. काहींना आईला उंदीर मारताना पाहू दिले. काही पिल्ले उंदराच्या पिल्लाबरोबर एकाच पिंजऱ्यात वाढवली. मोठेपणी पाहिले तेव्हा, आईकडून शिकलेल्या 21 पैकी 18 मांजरांनी उंदीर मारले. एकट्या वाढलेल्या 20 पैकी 9 जणांनी मारले. उंदराबरोबर वाढलेल्या 18 पैकी फक्त तिघांनी मारले, आणि ज्या उंदरासोबत ते वाढले त्याला त्यांनी हात लावला नाही. हे आकडे काळजीने वाचले पाहिजेत. एकट्या वाढलेल्यांतही 9 जणांनी उंदीर मारले, म्हणजे जन्मतः काहीच नसते असे म्हणता येत नाही. पण 18 आणि 3 यांत जे अंतर आहे ते संगोपनाचे आहे, तेही नाकारता येत नाही.

कुत्र्यांच्या बाबतीत अमेरिकेत स्कॉट आणि फुलर या दोघांनी बरीच वर्षे काम करून 1965 मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत एक काळ असतो. त्या काळात जो सहवासात येतो त्याला पिल्लू आपल्यांत धरते. मग तो माणूस असो की मांजर. मांजराच्या पिल्लाचा हा काळ आणखी लवकर येतो आणि लवकर संपतो. एका घरात राहणाऱ्या कुत्र्या-मांजरांचा अभ्यास इस्रायलमध्ये झाला आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जवळजवळ दोनतृतीयांश घरांत दोघांचे बरे चालते असे दिसले, आणि लहानपणीच एकत्र आलेल्यांचे अधिक बरे जमते असेही दिसले.

त्याच अभ्यासात एक महत्त्वाची गोष्ट आढळली, ती भाषेची. कुत्रा शेपूट हलवतो ते पुष्कळदा स्नेहाने, मांजर शेपूट आपटते ते चिडून. कुत्रा उताणा पडतो तेव्हा बहुधा शरण जातो. मांजर झटापटीत उताणे पडते तेव्हा चारही पायांची नखे मोकळी करते. एकाचे ‘या’ ते दुसऱ्याचे ‘खबरदार’. परंतु एकत्र वाढलेली जनावरे एकमेकांच्या या खुणा शिकतात आणि बरोबर ओळखतात. ज्यांना शाळा नाही, पुस्तक नाही, त्यांना हे साधते.

येथे आम्ही भाबडेपणा करू इच्छित नाही. अनोळखी कुत्र्यांच्या टोळीच्या तोंडी सापडलेले मांजर मरते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. अंगातली धाव खरी आहे. तिला उपदेशाने घालवता येत नाही, आणि मोठ्या वयात एका दिवसात दोघांना एका ताटात जेवायला बसवता येत नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की, ‘धाव’ आणि ‘वैर’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धाव जन्माने येते; ती क्षणाची असते आणि तिला निमित्त लागते. वैराला स्मरण लागते, कथा लागते, आणि ते टिकावे असे वाटणारा कोणी तरी लागतो. त्या विटेवर धाव उमटली आहे. वैर आपण पदरचे घातले.

आता आमच्या धंद्याचे दोन शब्द. तुमसरच्या परिसरात धानाच्या गिरण्या आहेत, चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. येथे कामाला येणारे लोक सगळे एका मातीचे नाहीत. कोणी गावचे, कोणी छत्तीसगडकडून आलेले; कोणी कायम, कोणी ठेकेदाराच्या हजेरीवर. आम्ही या कामात नवीन असताना एका कारखान्यातल्या एका मोठ्या साहेबांनी आम्हांला चहा पाजून समजावले होते, ‘कायमचे आणि ठेक्याचे एका झेंड्याखाली आणायच्या भानगडीत पडू नका. ते कुत्रा-मांजर आहेत.’ तेव्हा आमच्याजवळ उत्तर नव्हते, कारण भांडणे खरोखरच होत होती. पुढे हळूहळू लक्षात आले की, भांडणे ओव्हरटाइम वाटपाच्या दिवशी होतात, कपातीची यादी लागण्याच्या आठवड्यात होतात. म्हणजे कोणाला तरी पळायला लागले की कोणी तरी मागे धावते. यादी तयार करणारा मात्र त्या धावण्यात कोठेच नसतो. ज्या पाळीत दोन्हीकडची माणसे वर्षानुवर्षे एकाच यंत्रावर उभी राहिली, एकमेकांची बोली शिकली आणि डबे वाटून खाऊ लागली, त्या पाळीत यादी लागली तरी एकमेकांच्या अंगावर कोणी गेले नाही. सगळे मिळून कचेरीकडे गेले.

माणसांना जनावरांची उपमा देणे आम्हांला एरवी आवडत नाही. माणूस कुत्रा नव्हे आणि मांजरही नव्हे. त्याला विचार आहे, हिशेब आहे, मतदान आहे. पण उपमा द्यायचीच असेल तर ती पुरी द्यावी. ‘कुत्र्या-मांजरासारखे वैर’ म्हणणाऱ्याने पुढे हेही सांगावे की, ते लहानपणी एका अंगणात वाढले तर एका पोत्यावर निजतात; की समोरचा पळाला नाही तर पाठलाग पुष्कळदा थांबतो; की एकमेकांची खूण कळली तर नखे आत जातात. आपल्या परंपरेलाही हे ठाऊक होते. जैनांच्या समवसरणाच्या कल्पनेत जन्माचे वैरी मानलेले प्राणी शेजारी शेजारी बसून उपदेश ऐकतात. अहिंसा दृढ झालेल्याच्या सान्निध्यात वैर गळून पडते, असे योगशास्त्र सांगते. शाश्वत वैराचा नियम आपल्याकडे जितका जुना आहे, तितकाच त्याला नकार देणारा विचारही जुना आहे. म्हणी आपण पहिल्याच्या करून ठेवल्या, ही आपली निवड.

तेव्हा उद्या कोणी आपल्याला सांगितले की, अमुक मोहल्ल्याचे आणि तमुक मोहल्ल्याचे, या जातीचे आणि त्या जातीचे, या पाळीचे आणि त्या पाळीचे जन्मापासूनच जमत नाही, तर रागावू नये. त्याला शांतपणे तीन गोष्टी विचाराव्या: हे दोघे लहानपणी एकत्र वाढले होते काय? आज यांपैकी कोणाला पळायला लावले आहे? आणि तो पळाल्याने कोणाचा फायदा होतो? ही तीन उत्तरे मिळाल्यावर ‘शाश्वत’ या शब्दात काय शिल्लक राहते, ते ज्याचे त्याने पाहावे.